कोरडं बोट

हिंगणीच्या आसपासच्या पाच-सात गावांत वासरू पीत नसलं की माणसं ढोरांच्या डॉक्टरला फोन लावायच्या आधी अण्णाजीच्या दारात यायची. अण्णाजी आधी थोडा भाव खायचा. गुडघा दुखतो म्हणायचा, चहा मागायचा, आणि मग टोपी घालून निघायचा. गोठ्यात गेला की गुळाचं कोमट पाणी करायला सांगायचा, उजव्या हाताचं मधलं बोट त्यात बुडवायचा आणि वासराच्या तोंडात घालून टाळूला असं काही हलवायचा, की मान टाकलेलं वासरू चुटूचुटू ओढायला लागायचं. मग वरून दुधाची धार त्याच बोटावरून सोडायची आणि वासराचं तोंड हळूहळू गायीच्या सडाला न्यायचं. पाच-दहा मिनिटांचा खेळ. बाया माणसं गोळा व्हायची, पोरं खांबावर चढून बघायची. माणसाला कशाचा ना कशाचा गर्व असतोच. अण्णाजीला तो आपल्या दहा एकर शेताचा नव्हता, एकुलत्या एक पोराचा, गोपालचा नव्हता, त्या बोटाचा होता.

त्याची नात सातव्या महिन्यातच आली. गोपालची बायको वर्षाली सकाळी झाडत होती, आणि दुपारी वर्ध्याच्या मोठ्या दवाखान्यात तिचं बाळंतपण होऊन गेलं होतं. बाराशे ग्रॅमची पोर. काचेच्या पेटीत ठेवलेली, नाकातून नळी, त्या नळीतून दूध थेट पोटात. तोंड होतं, पण त्या तोंडाला चोखायचं कसं तेच माहीत नव्हतं. रुख्माबाई, म्हणजे अण्णाजीची बायको, एकदाच बघून आली आणि घरी येऊन म्हणाली, "इतली बारकी हाये, का हात लावाले भेव वाटते." तेव्हापासून कागदावर आराध्या असलेली पोर घरात बारकी झाली.

दवाखान्यात जागृती मॅडम म्हणून थेरपीवाल्या होत्या. मूळच्या देवळीच्या, बोलायला मोकळ्या, पण कामात कडक. त्यांनी वर्षालीला शिकवायला घेतलं तेव्हा अण्णाजी डबा घेऊन दारात उभा होता.

"हात कोपरापर्यंत धुवायचे. नख कापलेलं पाहिजे. आधी गाल, कानाकडून ओठाकडं असे हळूहळू. मग ओठ. मग हिरड्या, मग जीभ. शेवटी करंगळी चोखायला द्यायची. पाच मिनिटं. दिवसातून तीनदा, दुधाच्या आधी."

अण्णाजीला राहवलं नाही. "हे तं वासराचंच काम हाये, मॅडम. बोटाले जरासक गूळ लावा न् पाहा कशी ओढते."

खोलीतल्या सगळ्या बाया हसल्या. जागृती मॅडमही हसल्या, पण लगेच थांबल्या.

"आजोबा, वासरू जन्मल्यावर तासाभरात उभं राहते. ही तर अजून आईच्या पोटातच असायला पाहिजे होती. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं, या तिन्हींचा मेळ तिला अजून जमत नाही. म्हणून बोट कोरडं पाहिजे. गूळ नाही, मध नाही, दूधही नाही. समजलं?"

"समजलं."

समजलं होतं, हे त्याला पुढं वर्षभर स्वतःपासूनही लपवता आलं नाही. पण त्या वेळी मात्र त्याला बायांच्या देखत बोलणं खाल्ल्यासारखं वाटलं आणि डबा ठेवून तो बाहेर निघून गेला.

सतराव्या दिवशी बारकीनं वर्षालीची करंगळी ओढली. पाचव्या आठवड्यात घरी सोडलं. थोडं अंगावरचं, थोडं वाटी-चमच्यानं काढलेलं दूध, आणि तीन वेळा बोट. वर्षाली चूल पेटवायच्या आधी हात धुवायची, दुपारी धुवायची, दिवेलागणीला धुवायची. साबणानं तिच्या हाताची साल निघाली, पण एक वेळ चुकली नाही.

घरी येऊन बारा दिवस झाले आणि आभाळ आलं.

पऱ्हाटी पांढरीशुभ्र फुटली होती. बोंडं लोंबत होती आणि मोबाइलवर दोन दिवसांनी पाऊस दाखवत होता. भिजला की कापूस पिवळा पडणार. गावात वेचायला बाई मिळेना, जिचं तिचं शेत वेचायचं तसंच उभं. सहा बाया कशाबशा आल्या. रुख्माबाई स्वतः जाणार होती, गोपाल जाणार होता. अण्णाजीचा गुडघा फुगून नारळाएवढा झालेला, तो वाकू शकत नव्हता.

"दोन दिसाचा सवाल हाये," रुख्माबाई वर्षालीला म्हणाली. "तूही चाल. दुपारी येजो पाजाले. तोवर हे हायेत घरी."

वर्षालीनं गोपालकडं पाहिलं. गोपालनं आभाळाकडं पाहिलं.

निघताना तिनं सासऱ्याला दूध दाखवलं. स्टीलच्या वाटीत काढून ताटली झाकलेलं. "उठली तं आधी बोट, मामाजी. कोरडंच. मंग चमच्यानं, थोडं थोडं, बसवून. नाई घेतलं तं जबरदस्ती करू नका, मले बोलवा. मी पयत येतो."

"अवो, साठ वर्षं झाले मले ढोरा-लेकरात," अण्णाजी म्हणाला. "जा तू."

पहिला दिवस बरा गेला. दुसऱ्या दिवशी बारकी दहाच्या सुमाराला उठली, पण कुरकुरच करत राहिली. अण्णाजीनं हात धुतले, गाल चोळले, ओठ चोळले. तिनं बोट जिभेनं बाहेर ढकललं. चमचा लावला तर दूध कडेनं ओघळून मानेत गेलं. पुन्हा लावला, पुन्हा ओघळलं. तिचे डोळे मिटायला लागले. मान पडली, आणि अण्णाजीला ती मान ओळखीची वाटली. अशा मानेची किती वासरं त्यानं उभी केली होती.

त्यानं बाहेर पाहिलं. आंगणात कोणी नव्हतं. वर्षालीला बोलवायला फोन होता, शेत हाकेच्या टप्प्यात होतं. पण दोन तासांनी ती येईल आणि पोर चुटूचुटू ओढताना बघेल, मग ती मॅडमला सांगेल, मॅडम कबूल करतील की म्हाताऱ्याचं खरं होतं, हे सगळं एका क्षणात त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं. त्यानं गुळाचा खडा पाण्यात कुस्करला.

बोट टाळूला लागलं आणि बारकीनं ओढलं. खरंच ओढलं. म्हाताऱ्याच्या छातीत असं काही भरून आलं की डोळे पाणावले. "अशी! अशी माही बाई," तो म्हणाला. आणि हात त्याच्या सवयीनं पुढचं काम करायला लागला. डाव्या हातानं वाटी उचलून त्यानं दुधाची धार बोटावरून सोडली.

पोर एकदम गप्प झाली. खोकली नाही, रडली नाही. ओठ निळे पडले, मग नाकाभोवती निळं पडलं. अण्णाजीनं तिला पालथं घातलं, पाठीवर थापट्या मारल्या, नाकातोंडातून दूध आलं, पुन्हा मारल्या. किती वेळ गेला ते देव जाणे. मग एक चिरका श्वास आला आणि ती रडली. अण्णाजी भिंतीशी खाली बसला. त्याचं धोतर ओलं झालं होतं आणि ते दुधानं नव्हतं झालं.

त्यानं आधी पोरीला पुसलं. मग गुळाचा पेला विसळून ठेवला. मग धोतर बदललं. या क्रमानं केलेलं ते सगळं त्याला आजही आठवतं.

दुपारी वर्षाली धापा टाकत आली. "पेली का?"

"पेली थोडीशी," अण्णाजी म्हणाला.

संध्याकाळी अंग तापलं. सकाळी छाती भात्यासारखी चालायला लागली. पुन्हा दवाखाना, पुन्हा नळ्या. फुप्फुसात दूध गेलं आहे, डॉक्टर म्हणाले. कोणी काही पाजलं का, झोपून पाजलं का? वर्षाली नाही म्हणत होती. अण्णाजी तिथंच उभा होता. तो नळीतल्या थेंबांकडं बघत होता. आणि रुख्माबाई, जिला काही माहीत नव्हतं, ती बोलून गेली.

"दिवसभर वेचून थकली होती, डॉक्टरसाब. पहाटे कडेला घेऊन निजली असन. झोपीत पाजलं असन हिनं."

डॉक्टरांनी लिहून घेतलं.

नऊ दिवसांनी बारकी परत आली. पण तोवर ते वाक्य घरातून आंगणात आलं होतं. संध्याकाळी बाया कापसाची गाठोडी घेऊन यायच्या, वजनकाट्यापाशी बसायच्या, आणि कुणी पोरीची चौकशी केली की रुख्माबाई सांगायची, "झोपीत पाजलं हिनं. आताच्या पोरीयले झोप आवरत नाई." ती दुष्ट बाई नव्हती. काळजीनं तिला कुणावर तरी बोलायला पाहिजे होतं, आणि सून समोर होती. अण्णाजी काट्याचा दांडा धरून आकडा सांगायचा. आवाज जरा जास्तच मोठा काढायचा.

आज सांगू, उद्या सांगू करता करता महिना गेला, मग सांगायला तोंड राहिलं नाही.

वर्षालीनं त्या दिवसापासून आडवं होणं सोडलं. भिंतीला पाठ लावून बसायची, पोरीला उभट धरून पाजायची, आणि पाजून झालं तरी तशीच बसून डुलक्या घ्यायची. मान कलली की दचकून जागी व्हायची. पहाटे अण्णाजी गोठ्यात जायला उठला की ती बसलेलीच दिसायची. उन्हाळा गेला, पेरणी झाली, तिची पाठ वाकली. पंचविशीच्या बाईचं चालणं रुख्माबाईसारखं झालं. तरी तीन वेळा हात धुऊन बोट फिरवणं तिनं सोडलं नाही. कोरडं बोट.

त्या वर्षात अण्णाजी कुठल्याच वासराला गेला नाही. पोळ्याच्या आधी शेजारच्या गावचा तानबा आला. त्याची गवळाऊ जातीची गाय पहिल्यांदाच व्यालेली, वासरू पीत नव्हतं.

"बोटाले लागलं रे माह्या," अण्णाजी म्हणाला आणि आत जाऊन धडधाकट बोटाला चिंधी बांधून आला.

तानबा चिंधीकडं बघत गेला. चौथ्या दिवशी वासरू गेल्याचं कळलं. चिंधी अण्णाजीनं आठ दिवस सोडली नाही. खोटं एकदा बांधलं की सांभाळावं लागतं.

पुन्हा कापूस फुटला. बारकी चौदा महिन्यांची झाली. दोन महिने आधी आली म्हणून दवाखान्यात ती बारा महिन्यांची धरायचे. धरलं तर बसायची, सोडलं तर कलंडायची. रांगत नव्हती. भाताचं शीत जिभेवर आलं की ठसका लागायचा, म्हणून अजून पातळ पेजेवरच होती. वर्षाची तपासणी होती. रुख्माबाई आणि गोपाल वेचणीत अडकलेले. "तुमीच जा हिच्यासंगं," रुख्माबाई म्हणाली.

जागृती मॅडमनी चटईवर बसून पोरीची परीक्षा घेतली. खुळखुळा डावीकडं, उजवीकडं. लाकडी ठोकळा हातात दिला, काढून घेतला. रुमालाखाली लपवला. बारकी रुमालाकडं बघून हसली, पण तो ओढला नाही. मॅडम कागदावर लिहीत गेल्या. मग त्यांनी जुनी फाइल उघडली.

"मधे निमोनिया झाला होता, नाही का? इथं लिहिलं आहे, आईनं झोपेत पाजलं असावं."

वर्षाली खाली बघत होती. "हाव, मॅडम. माह्याच हातून झालं."

"आठवते तुम्हाला? झोपेत पाजलेलं?"

"आठवत नाई. लय आठवून पायलं. पण मीच असन. दुसरं कोन असन?" ती थांबली. "माह्यामुळंच ती मांगं राह्यली का, मॅडम? खरं सांगा. मले फक्त खरं पाह्यजे."

अण्णाजी दाराशी खुर्चीवर बसला होता. मागच्या वर्षी याच दारात तो डबा घेऊन उभा होता. न केलेला गुन्हा ही पोर कबूल करत होती आणि केलेला माणूस टोपी मांडीवर ठेवून ऐकत होता.

"ते तिनं नाई केलं," तो म्हणाला.

दोघींनी वळून पाहिलं.

"मी केलं. गुळाच्या पान्यात बोट बुडवलं न् वरून दूध सोडलं. वासराले सोडतो तसं. पोर निळी पडली होती. मी कोनाले सांगतलं नाई."

बारकी ठोकळा चटईवर आपटत होती.

जागृती मॅडमनी पेन ठेवलं. "मी तुम्हाला सांगितलं होतं, आजोबा."

"सांगतलं होतं."

"त्या दिवशी डॉक्टरांना एवढं कळलं असतं तर एक रात्र आधी इलाज सुरू झाला असता." त्यांचा आवाज चढला नव्हता, तो चढला असता तर अण्णाजीला बरं वाटलं असतं. मग त्या वर्षालीकडं वळल्या. "खरं विचारलं ना? खरं हे, की ती त्यामुळंच मागं आहे असं मी म्हणू शकत नाही. त्यामुळं नाहीच, असंही म्हणू शकत नाही. इतक्या लवकर आलेली लेकरं कुणी लवकर सावरतात, कुणी हळू. पण ती आज जितकी पुढं आहे ना, तुमच्याकडं बघून हसते, पेज गिळते, ठोकळा धरते, त्यात तुमच्या रोजच्या तीन वेळा आहेत. ते मी फाइलीत लिहिते."

आणि त्यांनी जुन्या ओळीवर आडवी रेघ मारली.

मग त्यांनी पोरीला चावायला कसं शिकवायचं ते दाखवलं. बोट मधे नाही, कडेच्या हिरडीवर ठेवायचं, दाबायचं, सोडायचं. वर्षालीनं करून दाखवलं. अण्णाजीला कोणी करायला सांगितलं नाही.

बसमध्ये वर्षाली पुढच्या बाकावर जाऊन बसली. अण्णाजी मागं, पिशवी मांडीवर घेऊन. सेलूच्या स्टँडवर बस थांबली, माणसं उतरली, तेव्हा ती मान न वळवता बोलली.

"वर्षभर मी भिंतीले टेकून बसली, मामाजी. तुमी रोज पहाटे पाहत होते."

"हाव."

"मले वाटे, आडवी झाली तं आपुन आपल्याच लेकराले मारन."

अण्णाजी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिला.

"मॅडमपाशी सांगतलं ते काई मोठं नाई. मॅडम आपल्या गावातली थोडीच हाये. आंगणात सांगा. काट्यापाशी. जठी सासूबाईनं मले म्हटलं तठी, त्याच बायायसमोर."

हिंगणीला ती पोरीला घेऊन आधी उतरली.

घरी पोचले तेव्हा ऊन कलतं झालं होतं. आंगणात कापसाचा ढीग, बाया गाठोडी सोडत बसलेल्या, रुख्माबाई काट्याला आकडा अडकवत होती, गोपालच्या हातात दोर. "आले का?" रुख्माबाई म्हणाली. "काय म्हटलं डाक्टरनं? मांगंच हाये ना? मी सांगतलंच होतं, ज्या दिवशी हिनं झोपीत..."

"थांब," अण्णाजी म्हणाला.

त्यानं टोपी काढली. का काढली ते त्यालाही कळलं नाही, मयतीत काढतात तशी निघाली. वर्षाली पोरीला कडेवर घेऊन उंबऱ्याशी उभी होती. आत गेली नाही.

"हिनं नाई पाजलं झोपीत," अण्णाजी म्हणाला. त्यानं ते पुन्हा, मोठ्यानं म्हटलं. मग गुळाचं पाणी, बोट, धार, निळे ओठ, सगळं सांगितलं. पेला विसळून ठेवला तेही सांगितलं. तानबाच्या वासराचं, चिंधीचं कोणी विचारलं नव्हतं, तेही सांगून टाकलं. धोतराचं मात्र सांगवलं नाही.

एका म्हाताऱ्या बाईनं पदर तोंडाशी धरला. याच बाया त्याला लांबून बघून म्हणायच्या, अण्णाजी आले, आता पेते वासरू. आता त्या त्याच्या हाताकडं बघत होत्या. त्यानं हात मागं घेतला. गोपालच्या हातातला दोर गळून पडला आणि तो उचलायला वाकला नाही.

रुख्माबाई कापसाच्या गाठोड्यावर बसली. "मले बोलू देलं तुमी," ती म्हणाली. "वर्षभर. माह्या तोंडून."

"हाव."

"मी साऱ्या गावाले सांगतलं."

"हाव."

बायांनी चहाची वाट पाहिली नाही. कापूस तोलायचा तसाच राहिला आणि त्या एकेक करून गेल्या. वर्षाली आत गेली. अण्णाजी मागच्या दारानं गोठ्यात गेला. कडबा टाकला, शेण ओढलं, पुन्हा कडबा टाकला.

दिवे लागले तेव्हा पाण्याची बादली घ्यायला तो पडवीत आला. चुलीपुढं रुख्माबाई बसली होती. वर्षभरात संध्याकाळची चूल तिनं पेटवलेली नव्हती.

"गोपालची माय," त्यानं हाक मारली.

तिनं मान वळवली नाही. नुसता हात वर केला. "हळू. निजली हाये ते."

पडवीच्या कोपऱ्यात पोत्यावर वर्षाली झोपली होती. बाहेरगावी जायच्या लुगड्यातच, बांगड्या हातात, पाय लांब सोडून, कुशीवर. बारकी तिच्या छातीला लागलेली, दोघींचा श्वास एका लयीत चाललेला. तिची पाठ सरळ झाली होती. इतकी उंच आहे आपली सून, हे अण्णाजी विसरूनच गेला होता.

बादली खाली ठेवली तर कडी वाजेल म्हणून तो ती हातात धरून तसाच उभा राहिला.